दिवसाचा एक दस्ता

पहाटे ४:४०

अंगणातल्या चुलीत दीदी ओकची दोन जाड फाटी सरकवतात. खाली पाइनच्या चिपा. चिपांत राळ असते, त्या लगेच धरतात. धूर आधी जमिनीलगत पसरतो आणि मग वर जातो. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आहे. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा आलाय. दीदी तो मगाच्या बुडाने फोडतात आणि बादली तशीच डेगीत ओततात.

हे मुक्तो, तवांग जिल्ह्यातलं गाव. दीदींचं घर दगडी आहे, छपराला पत्रा. अंगणात एक मोठं पिंप आडवं कापून केलेली डेग, एक सिमेंटचं उथळ टाकं, एक सपाट काळा दगड. भिंतीला टेकवलेल्या लाकडी चौकटी, मोजून चोवीस. कागदाचा सगळा कारखाना एवढाच.

मोनपा लोकांचा हा कागद. त्याला मोन शुगु म्हणतात आणि ज्या झाडाच्या सालीपासून तो होतो ते शुगु शेंग. वनस्पतिशास्त्रात डॅफ्ने पॅपिरेसिया. झाड म्हणावं तर फार उंच नाही, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर जातं. खोड मनगटाएवढं. ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या सावलीत वाढतं आणि थंडीत पांढरी, वासाची फुलं येतात. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. साल विषारी आहे. त्यामुळेच या कागदाला वाळवी आणि कसर लागत नाही.

५:१०

चुलीशेजारी तिकाटण्यावर बांबूची निमुळती टोपली टांगलेली. तीत राख ठासून भरलीय. काल रात्री दीदींनी वरून पाणी ओतलं होतं. रात्रभर ठिबकून खालच्या पातेल्यात गडद तपकिरी पाणी जमलं आहे. दीदी त्यात दोन बोटं बुडवतात, अंगठ्यावर घासतात. बुळबुळीत लागलं म्हणजे राख चांगली निघाली.

"ओकचीच राख हवी. पाइनची पाण्यात जाते, जोर नसतो तिला."

दीदी माझ्याशी हिंदीत बोलतात, सासूशी मोनपात. सासूबाईंना सगळं गाव आमा म्हणतं, मीही म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या अजून आत आहेत, बुखारीजवळ, म्हणजे लाकडाच्या शेगडीजवळ. बाहेर येतील ऊन आल्यावर.

डेगीतलं पाणी तापलं की त्यात राखेचं पाणी जातं. मग साल. साडेतीन किलो वाळकी साल दोन दिवस ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवली होती. आता ती फुगून जड झाली आहे. दीदी एकेक पट्टी उचलतात, निथळतात, आत सोडतात. लांबी हातभर, कुठे दोन हात. रंग मळकट पांढरा. ही साडेतीन किलो दोन दिवस पुरते. आज शिजेल ती उद्या-परवा वापरायची. आज वापरायची ती परवा शिजली आहे.

कॉस्टिक सोडा तवांगच्या बाजारात मिळतो. तासाभरात साल शिजते, लाकूड वाचतं. दीदींनी तोही एक हंगाम वापरला. कागद जास्त पांढरा निघाला. पण बोटांची कातडी सुटायला लागली आणि ते पाणी ओढ्यात गेलं तेव्हा खालच्या शेतातली बाई भांडायला आली. पुन्हा राखेवर आल्या. राखेवर चार तास लागतात.

५:५०

समोरच्या कड्याच्या कडेला उजेड आला. मुंबईला अजून अंधार असेल. इथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर बुडतो, पण या अंगणात डोंगर आडवा असल्याने ऊन उशिरा येतं. सरकारी घड्याळाचा इथे कोणाला फारसा उपयोग नाही. दीदींच्या हाताला घड्याळ नाहीच. वेळा मी माझ्या फोनवर टिपतोय.

सपाट दगडावर परवाची शिजलेली साल येते. आधी तिच्यातला केर निवडायचा. काळ्या सालीचा कण, गाठ, खोडाचा तंतू. बर्फाळ पाण्यात हात घालून दीदी एकेक पट्टी उलगडतात आणि नखाने कण काढतात. एक कण राहिला तर कागदावर ठिपका उमटतो. ठिपक्याच्या तावाला अर्धी किंमत.

मग मोगरी. ओकची, दीड किलोची असेल, तोंडाला खाचा पाडलेल्या. दीदी गुडघ्यांवर बसतात, साल दगडावर गोळा करतात आणि ठोकायला लागतात. ठोका खांद्यातून येतो. दहा-बारा ठोके, मग डाव्या हाताने गोळा उलटायचा, पाणी शिंपडायचं, पुन्हा. साल आधी चपटी होते. मग पिंजते. मग धागे दिसेनासे होतात आणि लगदा ज्वारीच्या मळलेल्या पिठासारखा एकजीव होऊन दगडाला धरायला लागतो.

मी मोगरी मागून घेतली. दोन मिनिटांत मनगट भरून आलं. दीदींनी ती हसत परत घेतली. त्या एकूण तास-सव्वा तास ठोकतात. मधे दोनदा थांबल्या: एकदा चुलीत लाकूड सरकवायला, एकदा फोन घ्यायला. फोन मुलीचा. ती इटानगरला कॉलेजात आहे. खोलीचं भाडं भरायचं आहे. "संध्याकाळी सांगते," दीदी म्हणाल्या आणि पुन्हा ठोकायला बसल्या.

लगदा झाला का ते बघायची रीत अशी: चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात सोडायचा आणि ढवळायचं. गुठळी दिसली तर अजून ठोकायचं. पहिल्या खेपेला एक गुठळी दिसली. पुन्हा पंधरा मिनिटं.

यंत्र आहे. बीटर म्हणतात त्याला, विजेवर चालतं, हाच गोळा थोड्या वेळात करून देतं. पण वीज हवी, आणि एका घराला ते परवडत नाही. २०२० च्या डिसेंबरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने याच मुक्तोत मोन शुगुचं केंद्र सुरू केलं, तेव्हा गावाने ही यंत्रं पाहिली. तोवर कागद करणारी घरं जवळपास संपली होती. त्या केंद्रात कारागिरांची मजुरी ठरली दिवसाला ४०० रुपये. २४ बाय १६ इंचांचा एक ताव आयोगाच्या ऑनलाइन दुकानात ५० रुपयांना होता. हे दोन्ही आकडे दीदींना तोंडपाठ आहेत. स्वतःची मजुरी त्या त्यावरूनच मोजतात.

८:००

न्याहारी. झान, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. बरोबर सुक्या मिरचीची चटणी, तीत छुरपी म्हणजे कडक चीज घातलेलं. लोण्या-मिठाचा चहा, लाकडी नळकांड्यात घुसळलेला. दीदी तीन पेले पितात. त्यांचे हात लाल झाले आहेत, बोटांची पेरं सुजली आहेत. त्या गरम पेल्याभोवती हात धरून बसतात. पेला रिकामा झाला तरी तो खाली ठेवायला वेळ लावतात.

नवरा सूमो चालवतो, तवांग ते बोमडिला. चार दिवसांनी येतो. घर चालतं गाडीच्या पैशावर. कागदाच्या पैशातून जातं मुलीचं भाडं, आमांची औषधं आणि लोसारला, म्हणजे नववर्षाला, नवे कपडे.

८:३५

ऊन अंगणात उतरलं. आधी छपराच्या कडेवर, मग भिंतीवर, मग टाक्यावर. आमा बाहेर आल्या, मोडा ओढून उन्हात बसल्या. दीदींची चाल बदलली. इथून पुढे कोणी इकडचं तिकडचं बोलत नाही.

टाकं गुडघ्याच्याही खाली. त्यात पाणी वीतभर. दीदी पहिला साचा त्यावर सोडतात. पाइनच्या पट्ट्यांची चौकट, तळाला ताणून बसवलेलं कापड. पूर्वी सुती असायचं, आता नायलॉनचं असतं, कारण सुती कुजतं. साचा पाण्यावर तरंगतो, कापड पाण्याच्या अगदी वरच्या थरात बुडालेलं.

शेजारच्या बादलीत लगदा पाण्यात फेटून ठेवला आहे. दीदी रवीने दोन वेढे देतात आणि मगभर उचलतात. मगाला आतून नखाने ओढलेली एक रेघ आहे. रेघेपर्यंत, जास्त नाही. मग साच्याच्या मधोमध ओततात. दुधाळ ढग कापडावर उमटतो. तो आपोआप सगळीकडे पोचत नाही. दीदी दोन्ही तळहात पाण्यात सपाट घालतात आणि बोटांनी पाणी हलकेच थोपटतात, कोपऱ्यांकडे. लगद्याला हात लावत नाहीत, पाण्याला लावतात. पाणी हललं की तंतू सरकतात. कोपरे भरले, कडा भरल्या. कुठे दाट दिसलं तर तिथे एक टिचकी. मग क्षणभर काहीच नाही. पाणी शांत होऊ द्यायचं.

आता उचलायचं. दोन्ही हातांनी, चारही कोपरे एकाच वेळी. एक कोपरा आधी वर आला तर लगदा दुसरीकडे घसरतो आणि ताव एका बाजूला जाड होतो. पाणी कापडातून खाली गळतं. आधी पावसासारखं जोरात, मग धार, मग थेंब. थेंबावर आल्यावर साचा जरा तिरका धरायचा आणि नेऊन भिंतीला टेकवायचा. तोंड उन्हाकडे.

एका साच्याला चार मिनिटं. मी सहा साचे मोजले, कुठे अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही.

चोवीस साचे. इतकेच का, तर सुताराने एका साच्याचे ३०० रुपये घेतले, कापडाचे वेगळे. सुरुवातीला बारा होते. मग दर वर्षी दोन-तीन. आणखी केले तरी ठेवायला उन्हाची भिंत नाही. मागची भिंत उत्तरेकडे आहे, तिथे ऊन येतच नाही.

चोवीस ताव म्हणजे एक दस्ता. आपल्याकडे शाळेत असताना दुकानातून दस्ता आणून घरी वही शिवायचो, तो हाच हिशोब. दीदींना दस्ता माहीत नाही. त्यांना भिंत माहीत आहे.

१०:१५

चोविसावा साचा भिंतीला लागला. चुलीवरची डेग उतरवली. शिजलेली पट्टी दोन बोटांत धरून ओढली की आडवी तुटली पाहिजे. तुटली. गरम साल टोपलीत काढून दीदी ओढ्यावर घेऊन गेल्या, धुवायला. उरलेलं राखेचं पाणी त्यांनी गोठ्यामागे मातीत खड्ड्यात ओतलं.

मी आमांजवळ बसलो. त्यांच्या हातात चाकू आहे आणि मांडीवर लाकडाची फळी. शेजारी जंगलातून आणलेल्या वाळक्या सालीचा ढीग, अजून काळी. त्या पट्टी फळीवर दाबतात आणि चाकू स्वतःकडे ओढतात. काळा पापुद्रा निघतो, खाली हिरवट थर असतो, तोही निघतो, मग पांढरी साल. याला डोळ्यांची गरज नाही असं त्या म्हणाल्या. त्यांना मोतीबिंदू आहे.

त्यांच्या लहानपणी हा कागद ओझ्यांनी तिबेटात जायचा. तिकडून मीठ यायचं, लोकर यायची. पुढे सीमा बंद झाली. वापरायला इथली गोन्पा, म्हणजे बौद्ध मठ, राहिली. तवांगची गोन्पा १६८०-८१ सालची, मेराग लामा लोद्रे ग्यात्सो यांनी बांधलेली. तिच्या ग्रंथालयात पोथ्या आहेत, काही सोन्याच्या शाईने लिहिलेल्या. पोथीसाठी दोन ताव एकमेकांना चिकटवतात आणि गुळगुळीत दगडाने घोटतात. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्र छापलेल्या कागदाची गुंडाळी असते, तीही याच कागदाची. आमांचे वडील कागद गोन्पाला द्यायचे आणि बदल्यात मिळायचं ते धान्य. पैसे नाहीत.

आपल्याकडचा जुना कागद मला आठवत राहिला. जुन्नरी, दौलताबादी. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. पण तिथे झाड नव्हतंच. चिंध्या, जुने दोर, गोणपाट, हेच कुजवून आणि कुटून कागद व्हायचा. पेशवे दफ्तरातली मोडीची रुमालबंद बाडं बघितली की त्यात कोणाची तरी जीर्ण धोतरं आणि बैलांचे दोर आहेत हे सहसा मनात येत नाही. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तिनेही सुती चिंध्याच घेतल्या. कापडाचा मुलूख होता, चिंधी मुबलक. इथे थंडीत लोकरी कपडे, कापूस उगवत नाही. ओकच्या जंगलात शुगु शेंग उगवतं. ज्याला जे मिळालं त्याने त्याचा कागद केला.

शुगु शेंगचं कूळही मोठं आहे. नेपाळचा लोकता कागद याच्याच भावंडांचा. जपानात मित्सुमाता आणि गाम्पी ही झुडपं कागदाला वापरतात, तीही याच कुळातली. आसामातल्या सांचीपातीच्या पोथ्या अगरूच्या सालीवर लिहिलेल्या, तो अगरूही याच कुळातला. सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला पाठवलेल्या नजराण्यात अगरूच्या सालीची पुस्तकं होती, हे बाणभट्टाने हर्षचरितात नोंदवलं आहे. या कुळातल्या झाडांच्या आतल्या सालीत लांब, चिवट तंतू असतात. वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांच्या ते हाताला लागले, कारण ओली फांदी मोडायला गेलं की ती तुटत नाही, सालीवर लोंबत राहते. ज्याने हे झुडूप एकदा मोडून पाहिलं त्याने त्याचा आधी दोर केला असणार.

११:५०

पहिला साचा वाळला. दीदी आधी हाताची उलटी बाजू लावतात. तळहात घट्टे पडलेला आहे, त्याला ओल कळत नाही. मग कोपऱ्यात नखाने टोक सुटं करतात, दोन बोटं आत घालतात आणि हात कापड आणि कागदाच्या मधून आडवा सरकवतात. कर्र असा लांब आवाज येतो. ताव सुटून हातात येतो.

मी तो उजेडात धरला. तंतू दिसतात, एकमेकांवरून आडवेतिडवे गेलेले. रंग पांढरा नाही, सायीकडे झुकणारा. वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. दीदींनी माझ्या हातातून घेतला, मुठीत चुरगाळला, उलगडला आणि मांडीवर हाताने सारखा केला. कुठे भेग नाही.

"फाडून बघा," म्हणाल्या. मी फाडला नाही. तीस रुपयांचा माल होता.

१२:१५

जेवण उभ्याने. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, त्यात लाईची पालेभाजी आणि वाळलेलं मांस. दीदी वाटी हातात धरून भिंतीसमोर उभ्या आहेत आणि साचे बघत आहेत. एक साचा वाळला की वाटी ओट्यावर ठेवतात, ताव सोडवतात, वाटी उचलतात. असं पाच वेळा झालं. थुक्पा गार झाला.

१२:५०

दुसरा फेरा. रिकामा झालेला साचा लगेच टाक्यावर. पुन्हा मग, पुन्हा रेघ, पुन्हा थोपटणं. या फेऱ्यात दीदी घाई करतात. हात तेच आहेत पण पाणी शांत व्हायची वेळ त्या अर्ध्यावर आणतात. जूनपासून पाऊस, तेव्हा काम बंद. डिसेंबरच्या शेवटापासून टाक्यातलं पाणी गोठतं. म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, थोडा डिसेंबर आणि मग मार्च-एप्रिल. एवढ्यातच वर्षाचा कागद.

२:१०

वारा सुटला. खालच्या दरीतून वर येणारा, रोजचाच, दुपारचा. दीदी प्रत्येक साच्याच्या पायाशी दगड लावत गेल्या. सतराव्या साच्यापाशी पोचायच्या आत तो पालथा पडला, ओला असतानाच. लगदा अंगणाच्या मातीत.

दीदी काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी लगदा गोळा केला, मातीचा भाग काढून टाकला, उरलेला बादलीत धुऊन पुन्हा मूळ बादलीत घातला. साचा पाण्यातून काढला आणि बाजूला ठेवला. आता तो भरून उपयोग नव्हता. वाळायला वेळच नव्हता.

३:४०

ऊन भिंतीच्या वरच्या अर्ध्यात गेलं. दीदी आणि मी साचे उचलून दोन ओळी वर, ओट्यावर आणि लाकडाच्या रचलेल्या ढिगावर चढवले. त्याने वीस मिनिटं मिळाली.

४:०५

ऊन गेलं. थंडी लगेच आली, मिनिटाभरात. दुसऱ्या फेऱ्यातले नऊ ताव वाळले. चौदा ओलसर राहिले. ते साचे आत नेले. बुखारीभोवती चार मावतात, बाकीचे पडवीत. रात्री ते गोठतील, सकाळच्या उन्हात वाळतील. पण तोवर साचे अडकून राहतात. म्हणजे उद्याचा सकाळचा फेरा दहाच साच्यांचा.

"म्हणून उद्या जंगल," दीदी म्हणाल्या. "आमा ऊन आल्यावर ताव काढतील. मी कशाला बसून राहू?"

४:४५

मोजणी. आतल्या खोलीत लाकडी फळीवर ताव एकावर एक. दीदी प्रत्येक ताव दिव्यासमोर धरतात. छिद्र असेल तर वेगळा, ठिपका असेल तर वेगळा. आज तेहेतीस ताव. एकतीस चांगले, दोन दुय्यम. दुय्यम दोन्ही दुसऱ्या फेऱ्यातले, घाईचे.

मग तावांवर जाड फळी आणि फळीवर दोन दगड. रात्रभर दाबात राहतील.

वही मुलीची जुनी आहे, गणिताची. मागच्या पानांवर दीदींचा हिशोब. मी विचारलं तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि बोट ठेवून सांगितलं. तवांगचा दुकानदार चांगल्या तावाला ३० देतो, दुय्यमला १५. एकतीस चांगल्यांचे ९३०, दोन दुय्यमचे ३०. एकूण ९६०.

साल तोडायला माणूस नेला तर त्याचे ५०० आणि जेवण. एका माणसाचा दिवस म्हणजे सोलून, वाळवून, खरवडून साडेतीन किलो. त्यात दोन दिवसांचा कागद. म्हणजे आजचे २५०. संध्याकाळी खरवडायला शेजारच्या दोघी येतात, प्रत्येकीला १००. तेही आजचे धरायचे. राहिले ५१०.

लाकूड घरच्या जंगलाचं, ते धरलं नाही. साच्याचं कापड दोन हंगामांत जातं, ते धरलं नाही. आमा दिवसभर चाकू ओढत होत्या, ते धरलं नाही. मी आमांकडे बोट दाखवून विचारलं. दीदींनी ते आमांना मोनपात सांगितलं. आमा काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मला अर्थ सांगितला नाही.

"रस्त्याच्या कामावर जास्त मिळतं," दीदी म्हणाल्या. "दोन वर्षं गेले होते. खडी फोडायची. पण तिथे आमांना घेऊन जाता येत नाही. आणि खडी फोडून संपली की संपली. इथे मी ठरवते आज किती."

मग थोडं थांबून: "म्हणजे ऊन ठरवतं."

मुलीला फोन लावला. भाडं पाच तारखेपर्यंत चालेल असं मालकाशी बोल म्हणाल्या. दुकानदाराकडचे मागचे पैसे यायचे आहेत. शंभर तावांचे.

६:१५

शेजारच्या दोघी आल्या. बुखारीत लाकूड भरलं. टीव्हीवर हिंदी मालिका. चौघी जणी गोल बसल्या, प्रत्येकीच्या मांडीवर फळी. मला एक चाकू दिला, बोथटातला. पट्टीच्या टोकाला चाकू उभा धरायचा, तिरका नाही, नाहीतर पांढरी सालही निघून जाते. माझ्या पहिल्या तीन पट्ट्या आमांनी हातात घेऊन चाचपल्या आणि तिसरी ठीक आहे असं मान हलवून सांगितलं. तासाभराने बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. दीदी म्हणाल्या, साल बाधते, मोहरीचं तेल लावा.

बोलणं उद्याच्या जंगलाचं. कुठल्या उतारावर जायचं यावर थोडा वाद झाला. खालचा उतार जवळ, पण तिथली झाडं दोन वर्षांपूर्वी कापली आहेत, अजून बारीक असतील. वरच्या उतारावर पाच वर्षांत कोणी गेलेलं नाही. पण चढ दोन तासांचा.

शुगु शेंग मुळासकट उपटत नाहीत. जमिनीपासून वीतभर वर दाव या कोयत्याने तिरका घाव घालायचा. बारीक फांद्या सोडायच्या. बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फूट येते, आणि चार-पाच वर्षांत झाड पुन्हा कापण्याजोगं होतं. खोड तिथेच सोडायचं, फक्त साल आणायची. कापलेल्या खोडाच्या जाड टोकाला दाताने किंवा चाकूने साल सुटी करायची आणि शेंड्याकडे ओढत न्यायची. सलग निघते. पण दात लावू नका म्हणाली एक शेजारीण, ओठ सुजतात. तिचे लहानपणी सुजले होते.

बाहेरचे लोक मधे आले होते, असंही निघालं. गाडी घेऊन. त्यांनी खालच्या उतारावरची काही झाडं मुळासकट काढली, कारण मुळाजवळची साल जाड असते आणि वजन भरतं. ती जागा अजून मोकळी आहे. गावाने बैठक घेतली, आता विचारल्याशिवाय कोणी जात नाही. दीदींनी परवाच विचारून ठेवलं आहे.

८:३०

शेजारणी उठल्या. दीदींनी दोघींच्या हातावर शंभर-शंभरच्या नोटा ठेवल्या. खरवडलेली साल तागाच्या पोत्यात भरून काट्याला लावली. एक किलो आठशे. काळा कचरा उद्या चुलीत.

मग त्या राखेची टोपली भरायला बाहेर गेल्या. दिवसभराच्या चुलीची राख निवली होती. चाळली, कोळसे वेगळे केले, टोपलीत मुठीने दाबून बसवली, वर पाणी. खाली पातेलं.

परत येऊन त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. शहरी बूट, तळ गुळगुळीत.

"याने वरच्या उतारावर जमणार नाही. ओकचा पाला पडलाय, घसराल. नवऱ्याचे गमबूट आहेत, नऊ नंबर. तुमचा किती?"

माझा आठ.

"मग दोन मोजे घाला. पाचला निघायचं. भाकरी मी बांधते, पाणी तुमचं तुम्ही घ्या. आणि उतरताना प्रत्येकाच्या पाठीवर एक ओझं असतं. तुम्हाला दहा किलो दिलं तर चालेल ना?"

चालेल म्हणालो. दीदींनी वहीत माझ्या नावापुढे दहा लिहिलं.